झेंडीवाली सुखीबाई

सुखीबाईला आता काहीच ऐकू येत नाही. मुलगा राजकुमार तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. सून रंजिता हातवारे करते. ती दोघांकडेही नुसती पाहत राहते. मी तांड्यात गेलो की मात्र तिला सगळं कळतं, कारण तिचे आणि माझे हात एकाच गँगमध्ये शिकलेले आहेत.

आमच्या नेरला रेल्वे नाही. कापसाच्या गाड्या आणि एसटी, एवढंच. तरी या जिल्ह्यातल्या पुष्कळ माणसांचं आयुष्य रुळावर गेलं, ते दुसऱ्यांच्या रुळावर. एका मोठ्या शहरातून उपनगरांकडे लोकल जातात, त्या लाइनीवर आमची गँग होती. शहराचं नाव लिहीत नाही. गरज नाही. सकाळी माणसं शहरात आणून टाकायची आणि संध्याकाळी परत घरी न्यायची, हे त्या लाइनीचं काम. लाइन बसू न देणं हे आमचं. गाडी गेली की खडी थोडी खाली बसते. रोज बसते. मग रूळ उचलायचा, बीटरनं, म्हणजे बोथट टोकाच्या कुदळीनं, स्लीपरखाली खडी ठोकून भरायची, पुढं सरकायचं. दुसऱ्या टोकाला पोचलो की पहिलं टोक पुन्हा बसलेलं असतं. काम नीट झालं तर डब्यातल्या माणसाला काही कळत नाही. कळलं तर काम चुकलं.

गाड्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गँग हातानं बोलते. तळवा आभाळाकडे केला की उचला. तळवा जमिनीकडे केला की सोडा. एक हात आडवा, स्थिर धरला की या, मोकळं आहे. तोच हात हळूहळू वरखाली केला की या, पण जपून. आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले की थांबा. या शेवटच्या खुणेला कारण विचारायचं नसतं. ज्यानं हात वर केले त्यानंच पुढं हात आडवा करून मोकळं केलं पाहिजे. तो विसरून निघून गेला तरी आपण हलायचं नाही. तोपर्यंत लाइन बंद.

आमचा मुकादम धावजी. दिग्रसकडचा, बंजारा. गँगमध्ये त्यानं आपल्याच जिल्ह्यातली माणसं ओढून आणली होती. मी कुणबी, नेरचा. घनश्याम मुकुटबनचा. आणि शाम राठोड, नेरजवळच्या तांड्यातला. शाम म्हणजे सुखीबाईचा नवरा.

शाम माझ्या शेजारी पहार धरायचा. एका सकाळी तो वाकून पाना फिरवत होता आणि गाडी आली. त्या दिवसाचा झेंडीवाला, म्हणजे पुढं उभं राहून गाडीवर नजर ठेवणारा माणूस, पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. त्यानं शिट्टी वाजवली, पण ती गाडी गेल्यावर.

शामला आम्ही तांड्यात आणलं. तिसऱ्या दिवशी तो झेंडीवाला आला. एकटाच आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला. तांड्यात वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात. सुखीबाईनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणालाही देऊ दिलं नाही. तो उन्हात उभा राहिला. ऊन कललं, तरी उभा होता. सांजेला गेला. पुढं त्यानं लाइन सोडली असं ऐकलं.

शामच्या जागी सुखीबाईला नोकरी मिळाली. ऑफिसात पाणी देण्याचं काम मिळत होतं. तिनं गँग मागितली.

धावजी म्हणाला, "बाई, खडी हाय ते. भाकर थापनं नाही."

ती म्हणाली, "भाकर बी दोन हातानंच थापते, भाऊ. पहारले किती लागते?"

कामाच्या बाबतीत मी कोणाची खोटी तारीफ करत नाही. पहिले कित्येक महिने तिचं काम वाईट होतं. बीटर मारताना नवखा माणूस हातानं मारतो. खडी फुटते, आत जात नाही. कंबरेतून मारावं लागतं आणि शेवटी हात सैल सोडावे लागतात. ती हातानंच मारायची. तळहात फुटले. हळद आणि तेल भरून, चिंध्या बांधून यायची. कोणी तिचं काम हलकं केलं नाही. तिनंही मागितलं नाही. घनश्याम रोज तिनं फोडलेल्या खडीकडे बोट दाखवायचा. "मुकादम, चटनी वाटून ठेवली बाईनं. भाकर कोनी आनली का?"

मग एक दिवस आवाज बदलला. खडी आत गेली की ठोका बोदा, बद्द येतो. धावजी पाठमोरा उभा होता. न वळताच म्हणाला, "हे कोन मारून राह्यलं बे?"

"चटनीवाली," घनश्याम म्हणाला. त्यानंतर तो चटणीचं बोलला नाही.

काही वर्षांनी गँगचा झेंडीवाला बदलून गेला. धावजीनं लाल झेंडी आणि शिट्टी सुखीबाईपुढं धरली. तिनं लगेच घेतली नाही. पदराला हात पुसले, मग घेतली.

घनश्यामला राहवलं नाही. "मुकादम, बाईची शिट्टी? आमच्या गावात बाईनं शिट्टी वाजवली तं सासू दारात येऊन उभी राह्यते."

सुखीबाई म्हणाली, "तुह्या सासूले पाहून गाडी थांबन का? थांबत असन तं तिलेच आन. तिले उभी करू अठी."

धावजी हसता हसता खाली बसला. घनश्यामही हसला. जेवताना सुखीबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाली, "माह्या झेंडीखाली मानूस जानार नाही." पुन्हा ती हे कधी बोलली नाही.

झेंडीवाल्याचं काम सोपं दिसतं. पहार धरणाऱ्याला वाटतं, हा फुकटचा पगार खातो. तसं नाही. नुसतं उभं राहणं हे गँगमधलं सर्वांत अवघड काम. हात रिकामे असले की मन फिरायला जातं. माणूस मग खर्रा काढतो, खांबाला टेकतो, डब्याच्या दारात कोण उभं आहे ते पाहतो. सुखीबाई टेकत नव्हती. बसत नव्हती. तोंडात काही धरत नव्हती. वळणाच्या दिशेला तोंड करून उभी राहायची. ऊन डोळ्यात आलं तरी दिशा बदलत नसे. गाडी येते म्हटलं की शिट्टी, झेंडी वर, आणि शेवटचा माणूस बाजूला होईपर्यंत झेंडी वरच. घनश्याम सर्वांत शेवटी निघायचा, पहार घेऊन, संथ चालीत. तिनं त्याला एकदा सगळ्यांपुढं झापलं होतं. "तू राजा हायेस का रे? तुह्यासाठी गाडी सलाम ठोकून जाईन?"

"तू हाय ना, बाई," घनश्याम म्हणाला. "मले कायचं भेव?"

हे तो खरंच म्हणत होता. तिच्या झेंडीखाली आम्ही मान वर करून पाहायचं सोडलं. पूर्वी दर चार ठोक्यांनंतर प्रत्येकाची मान एकदा वर जायची. ती सवय गेली. काम वाढलं, पाठ कमी दुखायची. गँगला याहून मोठं सुख नसतं.

पुढं पुढं तिच्या डाव्या पायात बूट दिसेनासा झाला. साहेब आले की घालायची. गेले की काढायची.

घनश्याम म्हणाला, "बाई, बूट कोठी गेला?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. म्हणाली, "चावते."

"उपाशी असन. रोज अर्धी भाकर टाकत जाय त्याले."

आम्ही सगळे हसलो. आम्ही हसलो हे पाहून मग ती हसली.

तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. गाडी दिसण्याच्या आधी रूळ थरथरतो. हात ठेवला तर हाताला कळतं, पाय ठेवला तर तळव्याला. बहुतेक गँगमनना ते माहीत असतं, पण त्यावर कोणी विसंबत नाही, कारण कान असतात. सुखीबाईचे कान गेले होते. इतकी वर्षं शिट्टी तोंडात आणि गाड्या हातभर अंतरावरून. आधी एक गेला, मग दुसरा. ती उजवा पाय खडीवर आणि डावा उघडा पाय रुळाच्या कडेला ठेवून उभी राहायची आणि तळव्यानं गाडी ओळखायची. पाय उचलायची, शिट्टी वाजवायची, झेंडी वर. एकदाही उशीर झाला नाही. उलट पूर्वीपेक्षा लवकर शिट्टी यायची. धावजी म्हणायचा, "बाईले आता वास येते गाडीचा."

डोळ्यांची तपासणी होत असे. तीत ती पास व्हायची. कानाचं ती बोलली नाही आणि कोणी विचारलं नाही.

मग मशीन आलं.

खडी भरायचं मशीन पूर्वीही येत असे, पण गँग तेव्हा दुसरीकडे असायची. त्या दिवशी शेजारच्या लाइनीवर गाड्या बंद ठेवून मशीन चालवलं आणि आमच्याकडे चालू लाइनीवर रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या चाव्या बदलायचं काम दिलं. त्या मशीनला लोखंडी पंजे असतात. ते खडीत घुसतात आणि थरथरून खडी दाबतात. वीस माणसांचं काम करतं. चांगलं करतं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण ते चालू असताना आजूबाजूची सगळी जमीन चाळणीसारखी हलते, आणि रूळही.

सुखीबाई वळणाजवळ उभी होती, आमच्यापासून आणि मशीनपासून बऱ्याच अंतरावर. डावा पाय रुळाला लावलेला. तळव्याखाली थरथर होती, ती सकाळपासून होती. ती मशीनची. तिच्यात गाडीची थरथर कधी मिसळली ते पायाला कळलं नाही. वळणाला उंच भिंत आहे. डोळ्याला गाडी दिसली तेव्हा फार जवळ होती.

तिनं शिट्टी फुंकली. इतक्या जोरात की मशीनच्या आवाजातही आम्हाला ऐकू आली. आम्ही उड्या टाकल्या. घनश्यामची पहार रुळाखाली घातलेली होती. त्यानं ती ओढली नाही, सोडून उडी मारली. बरोबर केलं. पण तो नेहमीसारखा शेवटी होता. गाडीनं पहार उडवली आणि ती फिरत येऊन त्याच्या गुडघ्यावर बसली.

गाडी पुढं जाऊन थांबली. डब्यांच्या दारांतून माणसं वाकून पाहू लागली. त्यांना कामावर उशीर होत होता.

घनश्याम ओरडत नव्हता. आपल्या पायाकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

त्याला नेल्यावर साहेब आले. धावजी त्यांना म्हणाला, "साहेब, मशीनचा आवाज होता. कोनाले आयकू येन त्यात?"

हे खोटं नव्हतं. आम्हाला गाडीचा भोंगा ऐकू आला नव्हता. साहेब मान हलवत होते. ते तसंच लिहिणार होते. सुखीबाईला हे बोलणं ऐकू येत नव्हतं, पण धावजीनं मशीनकडे केलेला हात तिला दिसला. ती पुढं आली. झेंडी आणि शिट्टी तिनं साहेबांपुढं स्लीपरवर ठेवली.

"मले आयकू येत नाही," ती म्हणाली. फार मोठ्यानं म्हणाली. "दोन सालापासून नाही येत."

धावजी साहेबांच्या मागं होता. त्यानं तळवा जमिनीकडे केला. सोडा. तिनं ते पाहिलं. पाहिलं आणि पुढं बोलली.

"मशीनचा दोष नाही. मी पायानं पाहत होती. पायाले नाही समजलं."

मी नंतर एकदा, मशीन पुन्हा आलं तेव्हा, ती उभी होती त्या जागी जाऊन उभा राहिलो. गाडीचा भोंगा तिथं ऐकू येतो. बारीक येतो, पण येतो. म्हणजे ती बोलली ते खरं होतं.

ते तिनं सांगितलं नसतं तर तिचं काही बिघडलं नसतं. सांगितलं आणि गँग तिच्यावर उलटली. घनश्यामच्या गुडघ्यापेक्षाही आम्हाला दुसरी गोष्ट जास्त लागली. ती दोन वर्षं आम्ही मान वर केली नव्हती. प्रत्येक जण ते दिवस आता मनात पुन्हा जगायला लागला. मी इथं वाकलो होतो, मी तिथं वाकलो होतो, आणि पुढं उभी होती ती बहिरी. धावजी म्हणाला, "तिनं जे मागलं असतं ते म्या देलं असतं. आंधळी झाली असती तरी गँगच्या सयपाकाची चूल देली असती. पन झेंडी?" त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. मरेपर्यंत नाही.

तिला लाइनीवरून काढून उपनगरातल्या एका छोट्या स्टेशनवर झाडायला ठेवलं. आम्ही ट्रॉलीवरून जाताना ती फलाटाच्या टोकाला दिसायची. फलाट ती असा झाडायची की टोकावरचा उतारसुद्धा सुटत नसे, जिथं कोणी पाय ठेवत नाही. गँगमधलं कोणी हात करत नव्हतं. मी करायचो. तीही करायची. एवढंच.

घनश्यामला दवाखान्यात भेटायला ती गेली. त्याची बायको जमनी दारात उभी राहिली. "झोपला हाय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही झोपला होता. तिसऱ्यांदा गेली तेव्हा खाट रिकामी होती. ते दोघं मुकुटबनला निघून गेले होते.

नोकरी संपली तशी सुखीबाई तांड्यात परत आली. मीही नेरला आलो. अधूनमधून तिच्याकडे जातो. आम्ही ओट्यावर बसतो. ती तोंडानं बोलते, मी हातानं. गँगच्या खुणांत सगळं मावत नाही, पण कापूस किती झाला, पाऊस उघडला का, पाय दुखतो का, इतकं मावतं. माझी बायको तानाबाई म्हणते, "तुमी दोघं बोलता का रूळ उचलता?"

या पौषात मी गेलो तेव्हा ती वाट पाहत असल्यासारखी बसली होती.

"सदाशिवभाऊ," ती म्हणाली, "मले मुकुटबनले ने."

मी हात हलवून विचारलं, कशाला?

"त्याले माह्या तोंडानं नाही सांगतलं मी. साहेबाले सांगतलं, गँगले सांगतलं. ज्याचा पाय गेला त्याले नाही सांगतलं. आता डोळे बी जाऊन राह्यले. डोळे गेल्यावर तो काय म्हनते ते मले कशानं समजीन?"

राजकुमार आतून बाहेर आला. "काका, तुमी तिचं आयकू नका." मग आईला तांड्यातल्या हाकेनं म्हणाला, "याडी, कायले जातं? तो तुह्याकडं पायन बी नाही." तिला ऐकू गेलं नाही. पण तोंड पाहून कळलं असावं. ती म्हणाली, "तू चूप राय. तू गँगचा नाही."

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. यवतमाळला गाडी बदलली, पांढरकवड्याला पुन्हा बदलली. ती खिडकीशी बसली. चप्पल काढून दोन्ही पाय तिनं गाडीच्या पत्र्यावर टेकवले होते. तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे ती बोलली की सगळी गाडी वळून पाहायची.

"पहिले काय म्हनू, भाऊ? राम राम म्हनू का?"

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हना ना, बाई. नागपूरपावेतो आयकू गेलं."

लोक हसले. तिला कळलं नाही. ती म्हणतच राहिली. "नाही. राम राम नाही. मी म्हनीन, घनश्यामभाऊ, मी बहिरी होती अन् मी सांगतलं नाही. बस. येवढंच. मंग तो काय म्हनीन ते म्हनो."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? हे गँगच्या खुणेत नाही. मी माझ्या कानाला हात लावला, मग ओठांवर बोट ठेवलं, मग तळवा उलटा केला. तिला समजलं.

"झेंडी गेली असती तं मी कोन राह्यली असती? शामची बाई. झाडू घेतलेली. झेंडी होती तं मी होती." मग म्हणाली, "अन् पाय खोटं नवता बोलत. कानाच्या आंधी पायाले समजे. दोन साल एक चूक नाही. मले वाटलं, कान कायले पाह्यजे?"

तिचं काम खरंच चांगलं होतं. वाईट असतं तर आधीच पकडली गेली असती.

मुकुटबनला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. घनश्यामचं घर विचारावं लागलं नाही. लंगड्या रेल्वेवाल्याचं घर सगळ्यांना माहीत. काटेरी कुंपण, आत सारवलेलं मोठं अंगण, एका कडेला तुरीच्या पेंढ्या. घनश्याम प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, पाय लांब करून. पाय वाकत नाही. हातात काठी. त्याच्यासारखी पहार चालवणारा मी पुन्हा पाहिला नाही. आता मनगट काठीइतकंच जाड राहिलं होतं.

मी पुढं गेलो. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"अबे सदाशिव! जिवंत हायेस का बे?"

"हाव. तुही वाट पाहून राह्यलो, सोबत जाऊ म्हनलं."

तो हसला. दात गेले होते. "अवं जमने, पानी आन. नेरचा कुनबी आला. याले च्या बी लागन, साखर जादा..."

इथं त्याचं बोलणं थांबलं. त्याला कुंपणाच्या फाटकात सुखीबाई दिसली. तिनं चप्पल बाहेर काढली होती. एक पाय आत टाकला होता. तोंड उघडलं होतं.

घनश्याम तिला शब्दानं काही म्हणाला नाही. ती बहिरी आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले.

ती थांबली. तिथंच, तशीच. एक पाय आत, एक बाहेर. तोंड मिटलं. गाडीत घोकून ठेवलेलं ते वाक्य तिनं उच्चारलं नाही. थांबा म्हणजे थांबा.

मी म्हणालो, "घनश्याम, लांबून आली रे. एकच गोष्ट सांगाची हाय तिले. सांगू दे."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. "मी रोज गाडीखाली मान घालत होतो बे," तो म्हणाला. "बाई हाय म्हनून. तिले म्हनलं होतं मी. तू हाय तं मले कायचं भेव."

जमनी दोन पेले पाणी घेऊन बाहेर आली. एक मला दिला. दुसरा घेऊन फाटकाकडे दोन पावलं गेली आणि नवऱ्याचे वर गेलेले हात पाहून उभी राहिली. "अवं, पानी तं देऊ द्या तिले," ती हळू म्हणाली. त्यानं मान हलवली नाही, हातही हलवले नाहीत. जमनी पेला घेऊन आत गेली.

त्याचे हात थरथरायला लागले. कोपरं वाकू पाहत होती. तो ती पुन्हा सरळ करायचा. कपाळावर घाम आला. मी म्हणालो, "पुरे कर आता." तो ऐकत नव्हता. सुखीबाई त्याच्या हातांकडे पाहत उभी होती, जशी वळणाकडे पाहायची.

शेवटी त्यानं हात खाली घेतले. मला वाटलं, आता एक हात आडवा करील. त्यानं काठी उचलली, खुर्चीचा आधार घेऊन उठला, आणि पाय ओढत घरात गेला. दार लावलं नाही. पण परत आलाही नाही.

मी सुखीबाईकडे वळून हात आडवा केला. ये. जमनी आहे, तिला सांग.

तिनं नाही अशी मान हलवली. मी हात वर केले नव्हते. मी मोकळं करू शकत नव्हतो.

ती तशीच उभी राहिली. मी तुरीच्या पेंढ्यांपाशी बसलो. रस्त्यावरून जाणारी माणसं पाहत जायची. एक म्हातारी म्हणाली, "काहून उभी हाय वं? आत जाय ना." तिनं ऐकलं नाही. ऊन फिरलं, फाटकाची सावली तिच्या पायावरून सरकून दुसऱ्या बाजूला गेली. मी दोनदा घरात डोकावलो. घनश्याम भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. जागा होता.

शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी तिचा दंड धरला. आतला पाय तिनं बाहेर घेतला. चप्पल घातली.

पांढरकवड्याला गाडी बदलली. महामार्गावर ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडली, तेव्हा ती बोलली. या वेळी आवाज लहान निघाला, कसा कोण जाणे.

"मी बी पानी नवतं देलं त्या झेंडीवाल्याले. शामच्या तिसऱ्याले. सांजवरी उभा होता तो."

मी मान हलवली.

"घनश्यामचे हात लटलट करत होते. पाह्यलं ना? पन वाकवले नाही त्यानं. गँगचा मानूस हाय."

मी तळवा जमिनीकडे केला. सोड आता.

तिनं तो पाहिला, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.